मुंबईहून शीआन : एका आठवड्याच्या रजेत प्राचीन राजधानीची सहल आखताना

मुंबईतल्या नोकरदार माणसाला सलग रजा मिळते ती बहुधा एका आठवड्याची, आणि चीनला जायचे ठरले की त्या एका आठवड्यात बीजिंग, शांघाय आणि शीआन ही तिन्ही शहरे बसवण्याचा मोह होतो. असा कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो; प्रत्यक्षात त्यातले दोन दिवस स्टेशने, विमानतळ आणि हॉटेल बदलण्यात जातात. रजा लहान असेल तर शहर एकच निवडावे असे माझे ठाम मत आहे, आणि मराठी माणसाने पहिल्यांदा निवडावे ते शीआन.

शान्शी प्रांताची राजधानी असलेले हे शहर म्हणजे पूर्वीचे छांगआन. पश्चिम चौ, छिन, हान, सुई आणि थांग या राजवटींनी याच परिसरातून राज्य केले आणि रेशीम मार्गाचे पूर्वेकडचे टोकही इथेच होते. आपल्याला हे शहर जवळचे वाटावे याचे कारण मात्र निराळे आहे. शाळेच्या इतिहासात भेटलेला युआन श्वांग हा बौद्ध भिक्षू छांगआनहूनच भारताकडे निघाला, पुलकेशी दुसरा याच्या काळात महाराष्ट्रात येऊन गेला आणि इ.स. 645 मध्ये 657 ग्रंथ घेऊन छांगआनला परतला. इथले लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत, असे त्याने महाराष्ट्राविषयी लिहून ठेवले आहे. डोंगरदरीतल्या एका विहाराचे आणि त्याच्या दाराशी दोन्ही बाजूंना असलेल्या दगडी हत्तींचे जे वर्णन त्याने केले आहे, ते अजिंठ्याचे असावे असे अभ्यासक मानतात. त्याने नेलेले ग्रंथ ठेवण्यासाठी बांधलेला मोठा रानहंस पॅगोडा शीआनमध्ये आजही उभा आहे. तेव्हा निघण्यापूर्वी अजिंठा पुन्हा पाहणे शक्य नसेल, तर निदान एखाद्या रविवारी बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांमध्ये दोन तास घालवावेत; विहार, स्तूप आणि भिक्षूंची राहणी डोळ्यांसमोर असली की शीआनमधली मंदिरे परकी वाटत नाहीत.

तारखा आणि वार

तारखा ठरवताना हवामानाच्याही आधी चिनी सुट्ट्या पाहाव्यात. 1 ऑक्टोबरपासूनचा आठवडा, 1 मेच्या आसपासचे दिवस आणि जानेवारी-फेब्रुवारीत येणारे चिनी नववर्ष या तीन काळांत अवघा देश प्रवासाला निघतो. तिकिटे मिळत नाहीत, हॉटेलांचे दर चढतात आणि मृत्तिकासैन्याच्या, म्हणजे सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेल्या मातीच्या सैनिकांच्या, दालनात कठड्यापर्यंत पोहोचायलाही धक्के खावे लागतात. मार्च अखेरपासून मेपर्यंत आणि सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हवा चांगली असते. जुलै-ऑगस्टचे ऊन कडक असते, तर डिसेंबर-जानेवारीत पारा शून्याखाली जातो. शाळेत जाणारी मुले बरोबर असतील तर दिवाळीची सुट्टी सर्वांत सोयीची पडते, कारण तोवर चीनमधली ऑक्टोबरची गर्दी ओसरलेली असते. मुंबईच्या सवयीने मात्र कपडे भरू नयेत. नोव्हेंबरमध्ये सकाळी आणि रात्री चांगलीच थंडी असते, म्हणून स्वेटर, वारा अडवणारे जाकीट आणि मोजे पुरेसे घ्यावेत.

वारांचा विचार सहसा कोणी करत नाही, पण लहान सहलीत त्याचे महत्त्व फार आहे. शान्शी इतिहास संग्रहालय सोमवारी बंद असते आणि छोट्या रानहंस पॅगोड्याच्या आवारातले शीआन संग्रहालय मंगळवारी. शनिवार-रविवारी स्थानिक पर्यटकांची गर्दी असते. त्यामुळे शनिवारी रात्री मुंबई सोडून रविवारी शीआनला पोहोचावे, सोमवारी तटबंदी आणि जुने शहर, मंगळवारी मृत्तिकासैन्य, बुधवारी संग्रहालय आणि मोठा पॅगोडा पाहावा आणि गुरुवारी दुपारनंतर परत निघावे, ही रचना मला सर्वांत सोयीची वाटते. पूर्ण दिवस तीनच मिळतात, पण ते पुरतात.

व्हिसा आणि विमान

चीनने बऱ्याच देशांच्या नागरिकांना व्हिसामुक्त प्रवेश किंवा पुढे तिसऱ्या देशात जाताना 240 तास व्हिसाशिवाय थांबण्याची सवलत दिलेली आहे, परंतु भारतीय पासपोर्टधारकांना ती लागू नाही. समाजमाध्यमांवरच्या परदेशी प्रवाशांच्या चित्रफिती पाहून याविषयी गैरसमज होतो, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे. आपल्याला पर्यटक व्हिसा घ्यावाच लागतो. अर्ज ऑनलाइन भरून मुंबईतल्या चिनी व्हिसा अर्ज केंद्रात कागदपत्रे द्यावी लागतात. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. विमान व हॉटेलची आरक्षणे, बँकेचे विवरण आणि नोकरी किंवा व्यवसायाचा पुरावा तयार ठेवावा. अर्जाच्या टप्प्यावर केलेली आरक्षणे रद्द करता येतील अशीच असावीत. पासपोर्टचे नूतनीकरण जवळ आले असेल तर ते सर्वांत आधी उरकावे. पुढची बहुतेक तिकिटे पासपोर्टच्या क्रमांकावरच निघतात, आणि मध्येच क्रमांक बदलला तर सगळी बांधणी कोलमडते.

2020 मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट विमानसेवा 2025 च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली, पण मुंबईकराला शीआनसाठी विमान बदलणे धरूनच चालावे लागते. हाँगकाँग, बँकॉक किंवा क्वालालंपूरमार्गे जाणे सोयीचे, कारण तिथून थेट शीआनला उतरता येते आणि चीनमधली प्रवेश तपासणी शीआनमध्येच होते. हाँगकाँगला विमानतळाबाहेर पडण्याचा विचार असेल तर भारतीयांना आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. ग्वांगचौ किंवा शांघायमार्गे गेलात तर पुढचे विमान चीनमधले देशांतर्गत असेल, आणि तिथे पॉवर बँकेचा एक कडक नियम आहे. जून 2025 पासून चीनच्या देशांतर्गत विमानांत तिथली 3सी ही मान्यतेची खूण असलेल्याच पॉवर बँका नेता येतात. मुंबईच्या बाजारातून घेतलेल्या बहुतेक पॉवर बँकांवर ती नसते आणि सुरक्षा तपासणीत अशी पॉवर बँक काढून घेतली जाते.

पैसे आणि फोन

या दोन गोष्टींची तयारी घरी बसूनच पूर्ण करावी. शीआनमध्ये भाजीवाल्यापासून संग्रहालयापर्यंत सगळे व्यवहार फोनवर चालतात, पण आपले यूपीआय तिथे उपयोगाचे नाही. अलीपे आणि वीचॅट ही दोन्ही ॲप मुंबईतच उतरवून, पासपोर्टची ओळख पडताळणी पूर्ण करून, त्यांना व्हिसा किंवा मास्टरकार्डचे क्रेडिट कार्ड जोडावे. बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करायला विसरू नये. अलीपेवर 200 युआनपर्यंतच्या खर्चाला परदेशी कार्डावर जादा आकार लागत नाही, त्यापुढे 3 टक्के लागतो. बँकेचा परकीय चलन आकार वेगळा. कुटुंबात दोघांच्या फोनवर दोन वेगळी कार्डे जोडलेली असावीत, म्हणजे एक अडले तर दुसरे चालते. थोडे रोख युआनही अधिकृत चलन विक्रेत्याकडून घ्यावेत.

गूगल, व्हॉट्सॲप आणि फेसबुक चीनच्या स्थानिक इंटरनेटवर चालत नाहीत. हॉटेलच्या वायफायवरही चालत नाहीत. आपल्या मुंबईच्या क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतले किंवा परदेशी ई-सिम घेतले तर ही ॲप सहसा चालतात, आणि बँकेचे ओटीपीही येणार असल्यामुळे आपले सिम चालू ठेवणेच शहाणपणाचे. नकाशासाठी गूगलऐवजी तिथले आमॅप वापरावे, त्यात इंग्रजीची सोय आहे. टॅक्सीसाठीचे दीदी अलीपेच्या आतच मिळते. भाषांतराच्या ॲपमधला चिनी भाषेचा संच आधीच उतरवून ठेवावा.

हॉटेल तटबंदीच्या आत, घंटाघराच्या परिसरात किंवा दक्षिण दरवाजाजवळ, मेट्रोच्या दुसऱ्या मार्गिकेलगत घ्यावे. परदेशी पाहुणा आल्याची नोंद 24 तासांत पोलिसांकडे होणे बंधनकारक असते. हॉटेल ती स्वतः करते, पण घरगुती निवास घेतल्यास ती जबाबदारी आपल्यावर येते. पहिल्याच खेपेला हॉटेल घेणे बरे.

पहिला दिवस : तटबंदी, शिलालेख आणि जुने शहर

आजची तटबंदी मिंग राजवटीच्या आरंभी, 1370 ते 1378 या काळात बांधली गेली. उंची 12 मीटर आणि वरची रुंदी 12 ते 14 मीटर, म्हणजे दोन मोटारी आरामात शेजारून जातील इतकी प्रशस्त. घेर सुमारे 13.7 किलोमीटरचा आहे. चर्चगेटहून वांद्र्याला जाण्यापेक्षा हे अंतर जेमतेम थोडे कमी भरेल. वर सायकली भाड्याने मिळतात, दोघांनी मिळून चालवायच्याही मिळतात. प्रवेशाचे तिकीट 54 युआन आणि सायकलचे भाडे वेगळे. दक्षिणेच्या युंगनिंग दरवाजाने सकाळी लवकर वर जावे. विटांची फरसबंदी खडबडीत आहे, त्यामुळे पूर्ण फेरीला दीड ते दोन तास लागतात आणि पाठीचे दुखणे असणाऱ्यांनी ती टाळून नुसते पायी फिरावे. एका बाजूला खंदक आणि पलीकडे उंच इमारती, दुसऱ्या बाजूला जुन्या शहराची कौले, असे दृश्य वरून दिसते.

दक्षिण दरवाजापासून चालत जाण्याच्या अंतरावर बेइलिन, म्हणजे शिलालेखांचे संग्रहालय आहे. घाईचे प्रवासी हे वगळतात, आणि मला ते फार चुकीचे वाटते. 1087 मध्ये दगडी ग्रंथ सुरक्षित ठेवण्यासाठी ही जागा निर्माण झाली. कन्फ्यूशियस परंपरेचे मूळ ग्रंथ 837 मध्ये 114 शिळांवर दोन्ही बाजूंनी कोरून पूर्ण झाले, ते इथे ओळीने उभे आहेत. विद्यार्थ्यांनी पाठ पडताळायचा तो याच दगडांवरून. 781 चा एक शिलालेख चीनमध्ये ख्रिस्ती धर्म आल्याची हकिकत सांगतो आणि त्याच्या तळाशी सिरियाक या पश्चिम आशियातल्या जुन्या लिपीतला मजकूर आहे, तो वाकून पाहावा. कारागीर ठसे काढत असतील तर तिथून लगेच हलू नये. ओला कागद शिळेवर चिकटवून तो ब्रशाने ठोकत अक्षरांच्या खाचांत बसवतात, मग शाईची कापडी गादी हलक्या हाताने आपटत जातात, आणि काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे हळूहळू उमटू लागतात.

दुपारनंतर घंटाघर आणि नगारखाना बाहेरून पाहिले तरी चालतात. दोन्ही चौदाव्या शतकाच्या अखेरचे आहेत आणि दिवे लागल्यावर अधिक चांगले दिसतात. नगारखान्यामागे मुस्लिम वस्तीचा बाजार सुरू होतो. त्याच्या गल्लीत आत शिरल्यावर मोठी मशीद लागते, जिची स्थापना परंपरेने 742 मधली मानतात आणि आजच्या वास्तू प्रामुख्याने मिंगकालीन आहेत. घुमट नाही, मिनार नाही. कौलारू लाकडी मंडप, एकामागून एक चौक आणि मिनाराच्या जागी अष्टकोनी माडी. नमाजाच्या दालनात इतरांना प्रवेश नसतो, पण चौकांतली शांतता बाजाराच्या गोंगाटानंतर मनाला फार भावते.

खाण्याचा विचार इथेच करावा. मटण खाणाऱ्यांनी यांगरौ पाओमो जरूर मागवावे. आधी रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट भाकरीसारखे पाव समोर येतात. ते आपणच हाताने वाटाण्याएवढे बारीक कुस्करायचे, मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. सोबत गोडसर मुरलेला लसूण असतो. तुकडे मोठे ठेवले तर आतून कोरडे राहतात, म्हणून कुस्करण्यात घाई करू नये. या वस्तीत डुकराचे मांस नसते, ही गोष्टही अनेकांना दिलासा देणारी आहे. शाकाहारी लोकांची तिथे उपासमार होते असे नाही: ल्यांगफी या थंड शेवया आणि पट्ट्यासारखे रुंद ब्यांगब्यांग नूडल्स तिखट तेल आणि व्हिनेगर घालून मिळतात. मात्र रस्सा आणि तेल मांसाचे असू शकते, म्हणून "मी मांस, मासे, अंडी आणि मांसाचा रस्सा खात नाही" हे वाक्य चिनीत भाषांतरित करून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवावा. बौद्ध मंदिरांजवळची शाकाहारी उपाहारगृहे सर्वांत निर्धास्त. कांदा-लसूणही न खाणाऱ्यांनी ठेपले, चटणी आणि मेतकूट बरोबर घ्यावे; गरम पाणी तिथे सर्वत्र मिळते.

दुसरा दिवस : मृत्तिकासैन्य

1974 च्या मार्चमध्ये लिनतुंगच्या शेतकऱ्यांनी दुष्काळात विहीर खणायला घेतली आणि मातीच्या सैनिकाचे तुकडे वर आले. इ.स.पू. 221 मध्ये चीन एकछत्री अमलाखाली आणणारा आणि इ.स.पू. 210 मध्ये मरण पावलेला सम्राट छिन शि ह्वांग याच्या समाधीचे रक्षण करणारी ही सेना. एकूण आकृती सुमारे 8,000 असाव्यात असा अंदाज आहे. तिकीट 120 युआनचे, पासपोर्टवर आधी काढायचे, आणि प्रवेशद्वारावर मूळ पासपोर्टच दाखवावा लागतो. झेरॉक्स किंवा फोटो चालत नाही.

शहरापासून हे ठिकाण पूर्वेला 35 ते 40 किलोमीटरवर आहे. मेट्रोच्या नवव्या मार्गिकेने ह्वाछिंगछी स्थानकापर्यंत जाऊन पुढे बस किंवा टॅक्सी घ्यावी. कुटुंब चौघांचे असेल तर सरळ दीदी परवडते. रेल्वे स्टेशनबाहेर "स्वस्त सहल" म्हणून बोलावणाऱ्यांबरोबर जाऊ नये. वाटेत जेडच्या दुकानात आणि नकली प्रतिकृतींच्या कारखान्यात निम्मा दिवस जातो.

दार उघडण्याच्या वेळेला पोहोचून आधी पहिला खड्डा पाहावा. 230 मीटर लांब आणि 62 मीटर रुंद दालनात रांगांमागून रांगा उभ्या आहेत. पुढच्या कठड्यावर सगळे थांबतात. आपण फोटो काढून बाजूने मागच्या टोकाकडे जावे, कारण तिथे जोडणी चालू असलेले अर्धवट सैनिक, कोणी बिनडोक्याचा, कोणी धडालाच पट्ट्या बांधलेला, अगदी समोर दिसतात आणि ही सेना सापडली ती तुकड्यांमध्येच, हे तिथे कळते. मग तिसरा खड्डा, जो सेनापतींचे ठाणे मानला जातो, आणि शेवटी दुसरा. दुसऱ्या खड्ड्याच्या दालनात काचेमागे गुडघा टेकून बसलेला धनुर्धर आहे. त्याला मागून पाहावे. उचललेल्या पावलाच्या तळव्यावर बुटाची शिवण एकेक टाक्यासह कोरलेली आहे, टाचेला आणि चवड्याला दाट, मधे विरळ. ज्या मूर्तिकाराला हा तळवा मातीत पुरला जाणार हे ठाऊक होते, त्याने ही कारागिरी केली आहे. मूळचे रंगही कुठे कुठे लालसर दिसतात. हवेशी संपर्क येताच रंगाखालचा लाखेचा थर वळून सुटतो, म्हणूनच बराचसा भाग जाणूनबुजून अजून उकरलेला नाही.

त्याच तिकिटात समाधीच्या टेकडीचे उद्यान येते, तिथपर्यंत मोफत बस असते. 1980 मध्ये सापडलेले कांस्यरथ आता तिथल्या वेगळ्या संग्रहालयात आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि ते न पाहताच लोक परततात. सम्राटाची समाधी स्वतः अजून उघडलेली नाही.

तिसरा दिवस : संग्रहालय आणि पॅगोडा

शान्शी इतिहास संग्रहालयाचा प्रवेश विनामूल्य आहे, पण आरक्षणाशिवाय आत सोडत नाहीत आणि आरक्षण काही दिवस आधी खुले होऊन भराभर संपते. चीनची घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतात, हे लक्षात ठेवून आरक्षणाची वेळ गाठावी. जागा न मिळाल्यास थांगकालीन भित्तिचित्रांच्या दालनाचे वेगळे सशुल्क तिकीट पाहावे, आणि तेही नसेल तर शीआन संग्रहालयात जावे. दलालाकडून मात्र तिकीट घेऊ नये. आत 1970 मध्ये हच्या नावाच्या गावात सापडलेला सोन्या-चांदीचा ठेवा शोधावा; त्यातल्या चांदीच्या एका सुरईवर तोंडात प्याला धरून मागच्या पायांवर टेकलेला, सोन्याचा मुलामा दिलेला घोडा आहे.

दुपार मोठ्या रानहंस पॅगोड्यासाठी राखून ठेवावी. दा त्सअन मंदिरातला हा पॅगोडा 652 मध्ये युआन श्वांगच्या ग्रंथांसाठी उभारला गेला, आठव्या शतकाच्या प्रारंभी पुन्हा बांधला गेला, आणि 2014 मध्ये रेशीम मार्गाच्या जागतिक वारसा यादीत आला. उंची सुमारे 64 मीटर, मजले सात. वर चढण्याचे तिकीट वेगळे आहे. चढण्यापूर्वी दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंच्या कोनाड्यांत बसवलेल्या 653 च्या शिळा पाहाव्यात: युआन श्वांगच्या भाषांतरांना सम्राटांनी लिहिलेल्या प्रस्तावना त्यांवर कोरलेल्या आहेत. आपल्याकडून गेलेल्या ग्रंथांचा एका परक्या दरबाराने केवढा मान राखला, याचा हा दगडी पुरावा आहे, आणि मुलांना घेऊन गेलात तर ही गोष्ट त्यांना तिथेच उभे राहून सांगावी. संध्याकाळी शेजारचा थांगकालीन थाटाचा नवा पादचारी रस्ता दिव्यांनी उजळतो. पोशाख करून फोटो काढणाऱ्यांची तिथे जत्रा असते. तासभर पुरे.

ह्वाशान पर्वत वेगवान रेल्वेने जवळ असला तरी या सहलीत घेऊ नये. त्याला स्वतंत्र दिवस लागतो. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचे भारतीय वैद्यकीय पथक 1939 मध्ये जिथे पोहोचले ते यानआन याच प्रांतात आहे, पण तेही पुढच्या खेपेसाठी ठेवावे.

शेवटच्या दिवशी विमान संध्याकाळचे असेल तर सामान घेऊन टॅक्सीने हानयांगलिंगला जावे. हान सम्राट चिंग याची ही समाधी विमानतळाच्या वाटेवर आहे, गर्दी नसते, आणि काचेच्या फरशीखाली खड्ड्यांतल्या मातीच्या छोट्या मूर्ती, मेंढ्या, डुकरे आणि कुत्रे पायांखाली दिसतात. तिथून विमानतळ जवळ आहे. तरीही तीन तास हाताशी ठेवून निघावे, आणि उरलेले रोख युआन विमानतळावर जेवणाला वापरून टाकावेत, कारण मुंबईत ते परत देताना दर कमीच मिळतो.